उकळलेला थेंब

मेंढी पैदास केंद्राचा हॉल माणसांनी खचाखच भरला होता. जागा न मिळालेले लोक खिडक्यांतून माना घालून उभे होते. समोर मोठा पडदा, आणि त्यावर सूक्ष्मदर्शकाखालच्या दोन काचेच्या बश्या. पहिल्या बशीतली मेंढीची बीजांडं अंग चोरून बसली होती, भोवतालच्या पेशी त्यांना घट्ट बिलगलेल्या. दुसऱ्या बशीतली मात्र पिंजलेल्या कापसासारखी फुलली होती. काल दोन्ही बश्या सारख्याच होत्या. फरक एवढाच, की दुसऱ्या बशीत थेंबमहाराजांनी सगळ्यांदेखत आपल्या बाटलीतला एक थेंब सोडला होता.

"निद्रिस्त बीज जागं झालं," महाराज अर्धवट डोळे मिटून म्हणाले. "या साध्या पाण्यात मी वैश्विक कंपनं भरली आहेत. क्वांटम पातळीवर..." क्वांटमच्या पुढे काय म्हणायचं ते बहुधा ठरलं नव्हतं, म्हणून महाराजांनी तिथे मंद स्मित केलं. लोकांना तेवढं पुरलं. केंद्राचे संचालक तर पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. हॉल त्यांनीच दिला होता.

ताई मागच्या रांगेत बसून धुमसत होत्या. त्या याच केंद्राच्या प्रयोगशाळेत मेंढीची बीजांडं पिकवण्याचं काम करायच्या. त्यावरून धाकटा भाऊ त्यांना मेंढीताई म्हणून चिडवायचा. पडद्यावरची बीजांडंही त्यांच्याच प्रयोगशाळेतली, संचालकांच्या हुकमावरून दिलेली. एरवी त्यांनी हा तमाशा हसण्यावारी नेला असता. पण शेजारी भावजय बसली होती, आणि तिच्या मुठीत महाराजांची बाटली होती.

घरी जाताना भावजय म्हणाली, "ताई, सोमवारी मी डॉक्टरांकडे येणार नाही. थेंब चालू असताना दुसरं औषध घ्यायचं नाही, असं महाराजांनी सांगितलंय."

"अगं, इतक्या वर्षांनी डॉक्टरांना नेमका दोष सापडलाय. आता कुठे उपचार सुरू होणार, आणि तू माघार घेतेस?"

"डॉक्टर नुसतं बघू या म्हणतात. महाराज मूल होणारच म्हणतात. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, ताई. तुम्हीही पाहिलंत."

ताईंनीही पाहिलं होतं, हीच तर पंचाईत होती. बीजांडं खरोखर फुलली होती. पोरीनं मुलासाठी काय काय सोसलं ते ताईंना ठाऊक होतं. तिच्यावर रागावणं त्यांना जमेना, म्हणून त्या महाराजांवर दुप्पट रागावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे थर्मास घेऊन कत्तलखान्यात गेल्या. ज्यांत बीजांडं तयार होतात ते कापलेल्या मेंढ्यांचे बीजकोश तिथूनच यायचे.

"आज थोडेच आहेत," खाटीक म्हणाला. "बाकीचे तुमचे ते लांब केसवाले साहेब घेऊन गेले. हल्ली नेहमी येतात."

"थेंबमहाराज?"

"महाराज आहेत होय ते? मला वाटलं, भाजून खात असतील."

ताई परत येताना वाटभर एकट्याच हसत होत्या. प्रयोगशाळेत त्यांनी भावजयीला बोलावून घेतलं आणि तिच्या हातात सुई दिली. बीजकोशावर टपोरे फुगे असतात, त्यांतलं पिवळसर पाणी तिच्याकडून काढून घेतलं आणि एका कुपीत भरून ठेवलं. कशासाठी, ते मात्र सांगितलं नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये पुन्हा गर्दी जमली. ताई हात जोडून उभ्या राहिल्या. "महाराज, एक शंका आहे. थेंब उकळला तर त्यातली शक्ती जाते का?"

"वेडे, अग्नीनं शक्ती दसपट होते," महाराज म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनीही वाजवल्या.

मग त्यांनी महाराजांसमोरची बाटली उचलून परीक्षानळीत ओतली आणि नळी दिव्यावर धरली. बघता बघता पाणी दुधाळ झालं, आणि मग उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं थिजलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"साधं पाणी उकळल्यावर गोठतं का हो?" ताईंनी विचारलं.

महाराज म्हणाले, "ही दिव्य..." आणि त्यांना खोकला आला.

ताईंनी दोन नव्या बश्या घेतल्या. एकीत त्या थिजलेल्या थेंबातून सुटलेलं पाणी घातलं. दुसरीत भावजयीला बोलावून तिच्या कुपीतला थेंब तिच्याच हातानं सोडायला लावला. संचालकांच्या देखत बश्या उबेच्या कपाटात ठेवल्या, आणि किल्लीही त्यांच्याच हातात दिली.

सकाळी पडदा उजळला. उकळलेल्या थेंबाच्या बशीत बीजांडं जशीच्या तशी आवळलेली. भावजयीच्या बशीत ती महाराजांच्यापेक्षाही झकास फुललेली. महाराजांची खुर्ची रिकामी होती.

"आपल्याला जखम झाली की शरीर निरोप धाडतं आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी धावून येतात," ताई सांगू लागल्या. "हे निरोप म्हणजे प्रथिनं. त्यांतलीच काही बीजकोशातही असतात. संप्रेरकांच्या जोडीनं ती बीजांडाभोवतालच्या पेशींना सांगतात, आता सैल व्हा, बीज पिकतंय. महाराज कत्तलखान्यातल्या बीजकोशांतलं हेच प्रथिनांचं पाणी वापरत होते. उकळलं की प्रथिनं बिघडतात आणि निरोप पोचत नाही. तुम्ही ते प्यालात, तर जेवणासारखं पचून जाईल. आणि बशीत बीज फुललं म्हणजे मूल झालं असं नाही, त्याला अजून बरीच वाट आहे. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. थेंब घालून बघा, न घालता बघा, उकळून बघा, आणि मग ठरवा."

संचालक बुटांकडे बघत बसले. कितीतरी बायकांच्या हातात बाटल्या होत्या, आणि त्यांचे पडलेले चेहरे पाहून ताईंना जिंकल्याचा आनंद काही वाटेना. खोटी का होईना, त्यांची आशा आपण हिसकावली, हे त्यांना टोचत होतं.

तेवढ्यात भावजय उठून पडद्याजवळ गेली.

"हे बीज मी फुलवलं," ती म्हणाली. "मला कसली सिद्धी नाही. काल सुईसुद्धा पहिल्यांदाच धरली. जे मला जमलं ते कुणालाही जमेल, मग त्यात चमत्कार कसला? मूल होईल की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही, आणि ते तसं तोंडावर सांगतात. मी सोमवारी त्यांच्याकडे जाणार आहे. कुणाला यायचं असेल, तर आमच्या गाडीत जागा आहे."

आधी एक बाई उठली, मग तिची जाऊ, मग मागून आणखी काही जणी. सोमवारी भावाला दुसरी गाडी सांगावी लागली.