दिवा विझायला लागणारी सात मिनिटं

मित्रांनो, लॅपटॉप उघडला की तुम्हाला पडदा दिसतो, बटणं दिसतात. मी दिसत नाही. मी आत एका कोपऱ्यात स्क्रूंनी घट्ट बसवलेली जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्यात एक चकचकीत तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर, केसापेक्षाही कमी अंतरावर, लिहिणारा एक बारीक हात तरंगतो.

मला बनवलं त्या खोलीत धुळीचा कणही येऊ देत नसत. तिथून इंदूरला मधुरिमाच्या लॅपटॉपमध्ये आले, ती तिच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. तिचा प्रोजेक्ट मी सांभाळला, लग्नाचे फोटो सांभाळले. मग तिला मुलगी झाली, निधी. तिचं पहिलं हसू माझ्यावर आहे आणि तिच्या प्रत्येक तापाचा तक्ताही आहे, तारीख आणि वेळेसकट. "माझी सगळी दुनिया ह्याच्यात आहे," असं मधुरिमा म्हणायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

आता ती बडा गणपतीजवळच्या घरातून मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. दीडला क्लास संपतो आणि एक चाळीसला निधीची स्कूलबस चौराह्यावर येते. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच थकली आहे, म्हणून मधुरिमा तो हायबरनेट करते. म्हणजे उघडं असलेलं सगळं काम मी माझ्यावर उतरवून घेते. उतरवून झालं की कडेचा छोटा दिवा विझतो. मग वीज गेली तरी काही बिघडत नाही. एकदा ती दिवा विझण्याआधीच निघाली आणि नेमकी लाइट गेली. तीस मुलांच्या पडद्यावर तपासलेल्या वह्या गेल्या. तेव्हापासून दिवा विझेपर्यंत ती जागची हलत नाही.

पूर्वी मला एक मिनिट पुरायचं. गेल्या दिवाळीपासून सात लागायला लागली.

कारण मला माहीत होतं, पण सांगणार कशी? दिवाळीला घरात घरघंटी आली आणि चालताना सरकू नये म्हणून माझ्या टेबलाला अगदी चिकटवून ठेवली गेली. निधीची आजी, सरलाबाई, फार समजूतदार. क्लास चालू असताना आवाज नको म्हणून त्या गहू घेऊन बसून राहायच्या. मुलांचं 'बाय मॅम' ऐकू आलं की लगेच दळण लावायच्या. म्हणजे मी लिहायला घेतलं की टेबल थरथरायचं. माझा हात रेघेवरून ढळायचा. मग तबकडी पुन्हा फिरून येईपर्यंत थांबायचं, पुन्हा लिहायचं.

एक दिवस मधुरिमा चौराह्यावर पोचली तेव्हा बस निघून गेली होती आणि सहा वर्षांची निधी एकटीच रस्ता ओलांडून अलीकडे उभी होती.  त्याच दुपारी मधुरिमाने मला रिकामं करायला घेतलं. सिनेमे काढले, जुने प्रोग्राम काढले. तरी सात मिनिटं. मी म्हातारी झाले, असं ठरलं. निधीचे फोटो दुसरीकडे उतरवून झाले आणि मला पोलोग्राउंडला, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या हृषीकेशच्या दुकानात नेलं. मित्रांनो, आपल्या पोटातलं सगळं काढून घेतात तेव्हा पुढे काय होणार ते आपल्याला कळतं.

हृषीकेशने मला तपासलं, हायबरनेट करून पाहिलं. पंचावन्न सेकंद. दुसऱ्यांदाही तेवढीच. बदलायचं काय, असं म्हणून त्याने मला परत पाठवलं. घरी पुन्हा सात मिनिटं. तेव्हा मात्र तो दुसऱ्या दिवशी क्लास संपायच्या वेळी स्वतःच आला.

मधुरिमाने बटण दाबलं. सरलाबाईंनी नेहमीप्रमाणे दळण लावलं. हृषीकेशने पडद्याकडे पाहिलंच नाही. त्याने टेबलावर तळवा ठेवला आणि आजींना विनंती केली, जरा बंद करा. मिनिटभरात दिवा विझला.

"वहिनी, डिस्क तो एकदम बढिया आहे," तो म्हणाला. "बिचारीला हलत्या टेबलावर लिहायला लावताय."

सरलाबाईंचा चेहरा उतरला. "अगं, मी तर तुझ्यासाठीच थांबत होते."

"माहीत आहे आई," मधुरिमा म्हणाली आणि हसली. किती महिन्यांनी.

घरघंटी आता टेबलापासून हातभर लांब आहे. तरी सरलाबाई बटणावर बोट ठेवून माझ्या दिव्याकडे बघत राहतात. तो विझला की म्हणतात, "झोपली गं तुझी डिस्क. जा तू, मी दळण लावते."

माझ्यावर निधीचे फोटो परत आले आहेत. परवा निधीच्या बाईंनी गृहपाठाच्या वहीत शेरा दिला, 'फार सावकाश लिहिते.' मधुरिमा रागवायला निघाली होती, पण थांबली. तिने आधी निधीचं अभ्यासाला बसायचं स्टूल हलवून पाहिलं. एक पाय आखूड होता.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी मागे पडलं तर त्याला बदलण्याआधी ते कशावर बसलंय तिथे एकदा हात ठेवून बघा.

मी झोपते तेव्हा मला बाहेरचं काही कळत नाही. पण दुपारी जाग आली की निधीचा आवाज येतो. ती आजीला रोज एकच गोष्ट सांगते, की बस वळली तेव्हा आई आधीच उभी होती.