धवळ्यांची प्रत

कुंदनने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "सर, आईचे धवळे हायत यात. वाजत नाय."

त्याची आई सरस्वतीबाई सारसोळ्याची धवलारीन होती. धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, तिला तोंडपाठ. लिहिलेली कुठेच नाहीत. मार्चमध्ये ती गेली. येत्या रविवारी कुंदनच्या बहिणीची, स्नेहलची हळद होती. मांडवात आईचाच आवाज हवा, एवढीच तिची अट. धवळ्यांवाचून लग्न अपुरे राहते असे मी मानत नाही. शेजारी बसलेली स्नेहल मानत होती.

मी नेरूळला जावा प्रोग्रामिंग शिकवतो; कुंदन माझा विद्यार्थी. जुन्या मोबाईलमधली आईची रेकॉर्डिंग्ज हाताने एकेक करून पेन ड्राइव्हवर उतरवण्याऐवजी त्याने प्रोग्राम लिहिला. एका नोट्सच्या फाईलवर तपासला. अक्षर न् अक्षर उतरले. मग सगळ्या फायली उतरवल्या, मोबाईलमधला डेटा पुसला आणि मोबाईल दुकानात बदलून घेतला.

मी फाईलमधले बाइट पडद्यावर उघडले. पानोपान तेच तीन पुन्हा पुन्हा: ईएफ, बीएफ, बीडी.

"साईज बघा ना सर," कुंदन म्हणाला, "चारची जवळजवळ आठ एमबी झालीय. म्हनजे आत काय तरी हाय."

"गप रं! आई काय वजन वाढवून आली?" स्नेहल म्हणाली.

मी समजावले. प्रोग्रामने आवाजाची फाईल मजकूर समजून वाचली. ज्या बाइटांचे अक्षर होईना, त्यांच्या जागी त्याने एकच खूण लिहिली: हे कळले नाही. ती खूण तीन बाइटांची, म्हणून फाईल फुगली. मूळ बाइट कोणते होते, याची नोंद कुठेही नाही.

ही पद्धत मीच शिकवली होती. पडद्यावर लगेच वाचता येतो म्हणून मजकूर आधी घेतो. कच्चे बाइट वाचण्याचा पाठ पुढच्या महिन्यात होता. हेही मी सांगितले.

"उरलंय किती?" स्नेहलने विचारले.

"जवळजवळ निम्मे बाइट. पण त्यांचा आवाज होत नाही."

"निम्मी तरी आईच ना?"

अंकगणिताने उत्तर 'हो' होते. मी 'नाही' म्हणालो. तिला रविवारी ऐकायचे होते.

थोड्या वेळाने तिने एका धवळ्याच्या ओळी दबक्या आवाजात म्हणून पाहिल्या. मी त्या टाइप केल्या. तीन झाल्या. चौथी कुंदनने सांगितली. पाचवी दोघांनाही येत नव्हती.