साखरेची तुला

पौडजवळच्या वाडीत धोंडाबाई आणि साळूबाई या सख्ख्या जावा राहायच्या. थोरल्या धोंडाबाईचा बहिरू गोवरातून उठला, तेव्हा सासूनं, रंभाबाईनं, भैरोबाच्या देवळात त्याची गुळानं तुला केली होती. दोन वर्षांनी साळूबाईच्या रांगत्या नथूची तुला आली, ती साखरेची. साळूचा भाऊ साखर कारखान्यात होता. त्यानं पोतं धाडलं.

नथू एका पारड्यात बसला. दुसऱ्यात साखर ओतता ओतता पारडं भरलं, कडेवरून ओघळायला लागलं, तरी नथू खालीच.

"बया, केवढी रास!" बायका म्हणाल्या.

धोंडाबाईला आपल्या पोराची तुला आठवली. बहिरूच्या वेळी एकच ढेप ठेवली होती, वर चार खडे.

"नथू लई जड झाला म्हणायचा," ती सासूला म्हणाली.

"न्हाई गं. बहिरूच जड हुता."

"मग ढीग नथूचा का मोठा?"

रंभाबाई प्रसाद वाटत पुढं गेली. धोंडाबाईनं प्रसादाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून तिनं धान्याचा तराजू काढला. एका पारड्यात गुळाचा खडा ठेवला, दुसऱ्यात तुलेतून घरी आलेली साखर मुठीमुठीनं टाकली. दांडी सरळ झाली तेव्हा खडा ओंजळीत मावेल एवढा होता आणि साखर जवळजवळ दोन ओंजळी. वजन सारखंच. साखरेच्या दाण्यांच्या मधे नुसती हवा. म्हणजे कुणी फसवलं नव्हतं. तरीही तिच्या जिवाची तगमग थांबेना. गावानं रास बघितली होती. वजन कोण बघतो?

"आक्का, काय जोखताय?"

साळू दारात उभी होती. धोंडाबाई दचकली आणि मग रागानंच म्हणाली, "तुझ्या पोराला डोंगर, माझ्या पोराला ढेप. तेच जोखतीया."

साळू उंबरा ओलांडून आत आली.

"बहिरूची तुला झाली तवा मी देवळातनं मधीच उठून गेले हुते. कुणाला कळलं न्हाई. तुमी ढेप बघत हुता, आक्का. मी पारड्यातलं पोर बघत हुते. माझी वटी रिकामी हुती."

त्या दिवशी साळू कुठं उभी होती, हेही धोंडाबाईला आठवत नव्हतं. मनातली जळजळ लगेच गेली असं नाही. पण तिनं अंगाखालच्या घोंगडीचा कोपरा झटकला, जरा सरकली.

"बस की," ती म्हणाली.