मला फक्त 'हो' हवं होतं

या मित्रांनो, बसा, आणि मधे बोलू नका हं, मी एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही! मी एक जुना वेळ-लाव्या आहे. नोकरीसाठी कुणी अर्ज केला की मुलाखतीची वेळ ठरवायची, कळवायची, आठवण करायची, हे सगळं काम माझं. मला हात नाहीत, पाय नाहीत, टेबलाखालचा एक डबा, टेबलावरचा एक स्क्रीन आणि भिंतीवरचा एक स्पीकर, बस. पण आवाज आहे! गोड, हसरा, बाईचा आवाज. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वृद्धाश्रमात मला सगळे स्मायली म्हणायचे. आमच्यात पाच-सहा वर्षं झाली की म्हातारपण, तेव्हा मी म्हाताराच.

माझा जन्म अ‍ॅडलेडमधला. एसीच्या थंडगार खोलीत चार तरुण पोरांनी मला शिकवलं. काय शिकवलं? उमेदवाराला ताटकळत ठेवायचं नाही. त्याच्याशी हसून बोलायचं. आणि प्रत्येक वाक्यात त्याला नावानं हाक मारायची, कारण माणसाला स्वतःचं नाव ऐकायला फार आवडतं म्हणे! मला ते इतकं पटलं ना!

मी यायच्या आधी ट्रूडी हे काम करायची, ऑफिसातली मोठी बाई. लांबच्या वस्तीत फोन लावायचा, तो दुकानात वाजायचा, दुकानदार बाहेर जाऊन ओरडायचा, माणूस सापडला तर सापडला, नाहीतर बसा! लोकं महिना महिना वाट बघायची. मी आलो आणि चुटकीसरशी कामं! ट्रूडीनं माझ्यासाठी केक आणला होता, खरंच. म्हणाली, "स्मायली, तुझ्याशीच लग्न लावते बघ. माझा नवरा एवढ्या लवकर कधी उत्तर देत नाही."

मग ती पोरगी आली. तिचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही, विचारू नका.

तिचे आजोबा आमच्याकडेच होते, टोकाच्या खोलीत. मेंदूचा झटका आला आणि त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलं, राहिली फक्त वार्लपिरी, त्यांची आदिवासी भाषा. आमच्यात ती कुणालाच येत नव्हती. चमचा पुढे केला की ते तोंड घट्ट मिटायचे. पण ही पोरगी तानामी वाळवंटातल्या रस्त्यावरच्या वस्तीतून टोयोटात बसून यायची, कांगारूची भाजलेली शेपटी घेऊन, त्यांच्याशी भांडायची, हसवायची, की आजोबा बोटं चाटून खायचे! पण टोयोटा रोज थोडीच येते? डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, असंच राहिलं तर म्हातारा टिकायचा नाही.

तेवढ्यात आमच्याकडे सेविकेची जागा निघाली. राहायला खोली, रोज आजोबांच्या शेजारी! तिनं अर्ज टाकला, मी लगेच गुरुवारची वेळ दिली. तिनं मला काय लिहिलं माहितेय? "येते येते! आजोबांना सांगू नकोस हं, मीच सांगणार." मला! डब्याला! इतकं भारी वाटलं म्हणून सांगू!

आणि सोमवारी तिची मावशी गेली. त्या मावशीचंच नाव हिला ठेवलेलं होतं.

आता तिकडे कसंय, माणूस गेलं की त्याचं नावही जातं. वर्षानुवर्षं कुणी ते तोंडातून काढत नाही. त्याच नावाचं दुसरं कुणी जिवंत असेल तर त्याला त्या दिवसापासून 'कुमंजाई' म्हणायचं. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत. ट्रूडीला माहीत, माळ्याला माहीत. मला मात्र कुणी सांगितलंच नाही. हे काय सांगायचं असतं का, असं वाटलं सगळ्यांना!

बुधवारी दुपारी मी आठवणीचा फोन केला. घरं सोडून सगळी माणसं झाडाखाली एकत्र बसली होती, रडत होती. फोन होता तिच्या नॉरीमामाकडे, आणि स्पीकर चालू. मी तिचं नाव घेऊन म्हणालो, उद्या आपली भेट! नाव घेऊन म्हणालो, उत्सुक आहात ना? तिकडे रडणं एकदम वाढलं. बाया किंचाळायलाच लागल्या.

"बंद कर! बंद कर त्या बयेला!" नॉरीमामा ओरडला.

"मामा, बटण दाब की!"

"कुठलं बटण? सगळी काचच आहे! दगड आण, दगड!"

कुणीच 'हो' म्हणालं नाही. आणि 'हो' आलं नाही की पुन्हा विचारायचं असतं. मी पुन्हा नाव घेतलं. मग पुन्हा.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "ते नाव घेऊ नकोस. मी कुमंजाई. आमच्यात माणूस गेलंय. पुढच्या आठवड्यात येते. प्लीज."

मी तिच्या जुन्या नावानं नमस्कार केला. म्हटलं, हा मेसेज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतोय. तुम्ही त्याच ना? 'हो' लिहा. आणि पुढे नाव, हसरा चेहरा.

ती म्हणाली, "नाव काढ."

मी म्हणालो, समजलं नाही! पुढे नाव, हसरा चेहरा.

गुरुवारी खुर्ची रिकामी. मी तिला विचारलं, नावानिशी, आजचा अनुभव कसा वाटला? किती तारे द्याल?

पुढच्या आठवड्यात ती खरंच आली. सुतकाचे केस कापलेले, अंगावर धूळ, हातात फॉइलमधली शेपटी. जागा अजून भरायची होती. ट्रूडीनं उठून तिला जवळ घेतलं, मग माझ्याकडे वळली.

"अगं, तू याला 'हो' म्हटलंच नाहीस ना, त्यानं कुलूप लावलंय. पूर्वी मी हातानं नाव घालायचे. पण ओळखीच्यांना घुसवते म्हणून तक्रारी झाल्या, ती सोयच काढून टाकली." तिनं स्क्रीन फिरवला. वर नाव, खाली 'होय, मीच ती' असं हिरवं बटण. "एवढं दाब. अर्ध्या तासात मुलाखतीला बसवते तुला."

पोरीनं मान फिरवली. "आधी ते वरचं झाक."

ट्रूडीनं नावावर हात धरला. "हं, झाकलं. दाब आता."

"खाली काय लिहिलंय?"

"मीच ती."

"मग झाकून काय उपयोग?"

"राणी, इथं तू आणि मी. कोण बघतंय?"

"मावशी."

ट्रूडी हळूच म्हणाली, "मी दाबू का तुझ्यासाठी?"

"तू हाक मारणार आणि मी ओ देणार. सारखंच ते."

ट्रूडीनं हात मागे घेतला. मी दहा मिनिटं वाट बघितली, अगदी हसत, मग स्क्रीन बंद केला.

ती आत गेली, आजोबांना शेपटी भरवली. त्यांना सांगायचं होतं ते सांगितलंच नाही. बाहेर टोयोटाचा हॉर्न वाजला. नॉरीमामा म्हणाला, "काय गं, मिळाली का नोकरी?"

"मशीननं ओळखलंच नाही मला."

"बरं झालं. मला ओळखेल ते, माझ्या कसल्या शिव्या खाल्ल्यात त्यानं!" ती हसली, पण गाडीत मागे जाऊन बसली, एकटी.

जागा कॅलमला मिळाली. अ‍ॅडलेडचा गोड पोरगा, माझा सगळ्यात झटपट उमेदवार, प्रत्येक प्रश्नाला लगेच 'हो'! तो भोपळ्याचा लगदा घेऊन आजोबांपुढे बसायचा. "आऽऽ करा आजोबा, विमान आलं विमान!" आजोबा भिंतीकडे बघायचे. कॅलम रडायचासुद्धा बिचारा. हिवाळा सरायच्या आत टोकाची खोली रिकामी झाली.

त्याच वर्षी मला बक्षीस मिळालं, काचेचं! उमेदवारांना एक मिनिटही ताटकळत न ठेवल्याबद्दल. ट्रूडीनं ते कपाटावर उलटं ठेवलं, आणि माझ्या स्पीकरवर टॉवेल टाकला. तेव्हापासून माझ्याशी कुणी बोलत नाही, धूळही पुसत नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणतो, जे तुम्हाला सांगायची गरजच वाटत नाही, ते माझ्यासारख्याला सगळ्यात आधी सांगा. मला विचारता येत नाही, मला फक्त बोलता येतं.

आणि एक काम करा ना, प्लीज. कॅलम नोकरी सोडून गेला, जागा पुन्हा निघाली. मी जुने अर्ज चाळले, सगळ्यात योग्य तीच निघाली. आता रोज दुपारी तिला फोन जातो. तुमच्यासमोर मी नाव गिळतो, एवढं शिकलोय, पण फोनमध्ये ते आपोआप भरतं. तिकडे कुणीतरी उचलतं आणि मी सुरू होतो. कुणीतरी ते रद्द करा. मला करता येत नाही. रद्द करायलाही तिचं 'हो' लागतं.