मधल्या मजल्याचं बटण

"अण्णा, आता दाबा!" मेन चालू करून तिने जिन्याखालून हाक मारली.

वर गच्चीच्या दाराशी तिच्या वडिलांनी बटण दाबलं. भर दुपारीही काळोख धरून बसलेला तो तीन मजली जिना उजळला. तिने खालून दिवा बंद केला. वरून तो पुन्हा लागला.

"बाई, आता तुम्ही."

घरमालकीण मधल्या मजल्यावर, आपल्या दारात उभी होती. गेल्या महिन्यात याच जिन्यात तिचा पाय चुकला होता आणि मनगट अजून पट्ट्यात होतं. दिव्याची बटणं दोनच, एक तळाशी, एक गच्चीपाशी. मधे राहणाऱ्याने चाचपडत जायचं. म्हणून मधेही एक बटण बसवायला तिने अण्णांना निरोप धाडला, तर आली त्यांची मुलगी. चार दिवस बाईंनी तिला वेळेवर चहा दिला आणि प्रत्येक कपाबरोबर विचारलं, "अण्णा कधी येणार?" शेवटी आज त्यांना बोलावूनच घेतलं.

"तुम्ही हो म्हणालात तरच बाकीच्या घराचं वायरिंग हिच्याकडे," हे बाईंनी अण्णांना मुलीसमोरच सांगून टाकलं होतं.

बाईंनी अंगठ्याने नवं बटण दाबलं. दिवा गेला. दाबलं, आला. तेवढ्यात खालून मुलीने घालवला, तो बाईंनी परत लावला. चेहऱ्यावर मात्र काही दिसू दिलं नाही.

कठडा धरत अण्णा उतरून आले. हात थरथरू लागले तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, त्यांनी वायरिंगचं काम सोडलं होतं. त्यांनी बटणाच्या पाटीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मेन बंद कर. उघड हे."

मेन बंद करून ती वर आली, पाटीचे स्क्रू काढून मुठीत धरले. अण्णांनी बॅटरीचा झोत आत टाकला. चार वायरी, सारख्या वळवलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. ते पाहतच राहिले.

"चुकलंय का काही?" बाईंनी विचारलं. "संकोच करू नका."

"चुकलेलं नाही."

"मग तुम्हीच शिकवलं असणार. प्रश्न मिटला."

मुलीने मुठीतल्या स्क्रूंकडे पाहिलं. अण्णा मान डोलावतील, याची तिला खात्री होती. चाळीस वर्षांचं नाव होतं त्यांचं.

"नाही हो," अण्णा म्हणाले. "मी आयुष्यभर खाली एक, वर एक, एवढंच केलं. मधूनही लागायला हवा असं कुणी म्हटलं, की सांगायचो, जमत नाही, दुसरा दिवा घ्या. खरं तर जमत नव्हतं ते मला. हे हिचं काम आहे. कुठे शिकली, तेही मला माहीत नाही."

"रविवारच्या वर्गात," ती पुटपुटली. "तुम्हाला वाटायचं, मैत्रिणीकडे जाते."

अण्णा बाईंकडे वळले. "असं बांधलेलं काम माझ्या हातून कधी झालं नाही. लिहून देऊ का?"

बाईंनी पट्ट्यातला हात सावरला, आत जाऊन गच्चीची आणि वरच्या खोल्यांची किल्ली आणली आणि अण्णांना ओलांडून मुलीपुढे धरली.

"उद्या नऊला या," ती म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'ये'चं 'या' झालं. मग आपल्याच बोलण्याने अवघडल्यासारखी ती चहा टाकायला आत गेली.

अण्णा पायरीवर बसले, खिशातून चष्मा काढला आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बस. आमच्या बटणाला तीन वायरी लागायच्या. ही चौथी कशाला?"

ती बसली. "खालून दोन येतात, वर दोन जातात. बटण एकदा दाबलं की त्या सरळ जातात. परत दाबलं की फुली मारून."

"फुली?" अण्णांनी आपली दोन थरथरती बोटं एकमेकांवर आडवी ठेवली. "अशी?"

"अश्शी."

"थांब," ते बोटांकडे बघत म्हणाले. "पुन्हा सांग. सावकाश."