घरातली दुनळी

दाराआडून ‘खट्’ असा आवाज आला आणि कडीकडे गेलेला सीतालक्ष्मीचा हात जागीच थबकला.

“कोण?”

“मी. शाळा सुटली.”

“एकटीच?”

“एकटीच हो. आणखी कोण येणार?”

दार किलकिलं झालं. फटीतून आधी बंदुकीची नळी दिसली, मग अनिरुद्धरावांचा डोळा. तिला ओळखायला त्यांना एक क्षण लागला. तो क्षण सीतालक्ष्मीला फार लांब वाटला.

तमिळ मुलखातल्या त्या गावात, राजवाड्यामागच्या मराठी गल्लीत अनिरुद्धरावांना सगळे ‘मिल्लु राव’, म्हणजे गिरणीवाले राव, म्हणत. गावाबाहेरच्या सूतगिरणीच्या भांडारात त्यांनी सारी उमर काढली होती. कुठला बोल्ट कुठल्या फळीवर आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील असा माणूस. गिरणी बंद पडली. बाहेरून स्वस्त सूत यायला लागलं, एवढंच कारण मॅनेजरनं दिलं. तेव्हापासून ते घरात होते. सीतालक्ष्मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. मुलगी दिव्यश्री लग्न होऊन मद्रासला गेलेली.

दुनळी बंदूक आजोबांच्या वेळची. लायसन्स बापाकडून मुलाकडे चालत आलेलं. इतकी वर्षं ती कपाटात पडून होती. दसऱ्याला तिला कुंकू लावायचं, एवढाच तिचा आणि घराचा संबंध. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पापनाशम गावाजवळ एका म्हाताऱ्या जोडप्याला चोरांनी बांधून लुटलं, तशी ती बाहेर आली आणि पुन्हा कपाटात गेली नाही.

सीतालक्ष्मीचा धाकटा भाऊ गिरीश पापनाशमलाच भातशेती बघायचा. तो आला की तिचं तोंड बंद करायचा.

“अक्का, तू उगीच घाबरतेस. घरात बंदूक आहे म्हटल्यावर कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. भावोजी करतात ते बरोबरच.”

“सरकारला तरी काय,” अनिरुद्धराव म्हणायचे, “निवडणूक आली की ठाण्यात जमा करा म्हणतात. चोरांना कुणी जमा करा म्हणतो का? आपलं घराणं शिलेदारांचं. गिरणी गेली, शेत गेलं. एवढी एक वस्तू राहिली आहे.”

“चोर येईल की नाही, ठाऊक नाही,” सीतालक्ष्मी एकदाच म्हणाली होती. “ही मात्र रोज घरात आहे.”

नवरा आणि भाऊ, दोघेही हसले होते.

चोराची भीती तिलाही होतीच. पण हळूहळू ती भीती जागा बदलू लागली. दूधवाली घंटी वाजवायची तेव्हा ती नवऱ्याआधी दार गाठायला धावायची, ती दूधवालीच्या काळजीनं. दिव्यश्रीनं न कळवता येऊ नये म्हणून ती कोपऱ्यावरच्या बूथमधून मुद्दाम फोन करायची. शेजारची भुवनेश्वरी वाटीभर साखर मागायला मागच्या दारानं यायची, तिचं येणंही तिनं काहीतरी निमित्त काढून बंद केलं. घर ओस पडत चाललं आणि अनिरुद्धरावांना वाटायचं, बंदुकीनं घर राखलं.

एका मंगळवारी शाळा लवकर सुटली. तिनं हाक मारली. आतून कुणी विचारलं नाही, दार नुसतंच लोटलेलं होतं. ती धावत मागच्या अंगणात गेली.

अनिरुद्धराव तुळशीशेजारच्या दगडावर बसले होते. बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकलेला, दोन्ही हात नळीवर, आणि हातांवर कपाळ. उन्हात, टोपीशिवाय, कुणी विसरून गेल्यासारखे बसले होते.

“अहो.”

त्यांनी मान वर केली. “पुसत होतो.”

जवळ फडकं नव्हतं. तेल नव्हतं.

“ऊन लागतंय. आत या,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. ते उठले, आत आले, ताट वाढलं तसे जेवलेही. ती समोर बसून त्यांचा घास बघत राहिली. ही बंदूक चोरासाठी नव्हे, कुणासाठी बाहेर आहे, हे तिला कळलं होतं. पण कुणाला सांगायचं, हे कळत नव्हतं. गिरीशला सांगितलं तर तो हसला असता. दिव्यश्रीला सांगितलं तर ती रडली असती.

दुसऱ्या दिवशी दाढी करायला म्हणून ते सलूनमध्ये गेले. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत सीतालक्ष्मी खिडकीशी उभी राहिली. मग तिनं कोरई गवताची चटई पसरली, दाराआडची बंदूक दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्यावर ठेवली. इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. आत काडतुसं आहेत की नाहीत, हे बघायचं कसं, तिला ठाऊक नव्हतं. चटई गुंडाळली, जुन्या साडीच्या काठानं दोन ठिकाणी बांधली आणि ती बाहेर पडली.

ऑटोवाला म्हणाला, “अम्मा, ती चटई इकडे द्या, पायाशी ठेवतो.”

“नको. राहू दे माझ्याकडे.”

प्रत्येक खड्ड्याला ती चटई घट्ट आवळत होती. नळीचं तोंड कुठल्या बाजूला आलं, तेही तिला आठवेना. पुढे ऑटोवाल्याची पाठ होती, बाजूनं सायकलवरून मुली चालल्या होत्या, सिग्नलपाशी एक फुलवाली अगदी खेटून उभी राहिली. सीतालक्ष्मीनं चटईचं एक टोक स्वतःच्या खांद्याला टेकवलं आणि दुसरं पायांमध्ये धरलं. काही झालंच तर आपल्यालाच होऊ दे.

ठाण्यातल्या सब-इन्स्पेक्टरचं नाव त्यागराज. तरुण होता, पण आवाजात घाई नव्हती. तिनं चटई टेबलावर ठेवली.

“आत बंदूक आहे. भरलेली आहे का, मला माहीत नाही.”

लिहिणाऱ्या कॉन्स्टेबलचा हात थांबला. त्यागराजनं सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं, गाठी सोडल्या, बंदूक भिंतीकडे वळवून मधल्या सांध्यात उघडली. दोन काडतुसं काढून त्यानं टेबलावर उभी केली.

सीतालक्ष्मी बाकावर बसली.

“लायसन्स कुणाचं?” त्यानं तमिळमध्ये विचारलं.

“माझ्या यजमानांचं.”

“त्यांना न सांगता आणली असेल तर गुन्हा होतो, अम्मा. तुमच्यावर.”

“मग लिहून घ्या. पण ही परत घरी पाठवू नका.”

त्यानं तिच्याकडे बघितलं. यजमान आत्ता कुठे आहेत, एवढंच विचारलं आणि सलूनकडे माणूस पाठवला.

अनिरुद्धराव आले ते एका गालावर साबण वाळलेल्या अवस्थेत. टेबलावर उघडी पडलेली दुनळी, शेजारी काडतुसं, बाकावर बायको. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आता हे ओरडतील, चारचौघांत बोलतील, बंदूक मागून घेतील, असं सीतालक्ष्मीला वाटलं. तिनं मान खाली घातली.

“सर,” त्यागराज म्हणाला, “यांना तुम्ही पाठवलंत का?”

अनिरुद्धरावांनी काडतुसांकडे पाहिलं, मग बायकोकडे. वर पंखा करकरत होता.

“हो,” अनिरुद्धराव म्हणाले. “मीच पाठवलं. माझी कंबर धरली होती.”

“आता जमा करताय?”

“लायसन्ससुद्धा रद्द करा. परत मागायला येणार नाही.” त्यांनी सही केली. मग निघता निघता वळून विचारलं, “तेल देता का कधी? पावसाळ्यात गंज धरते ती.”

“देतो सर,” त्यागराज म्हणाला. आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या धूळभरल्या बंदुका दारातून दिसत होत्या. अनिरुद्धरावांनी त्या पाहिल्या आणि मान हलवली.

बाहेर रस्त्यापलीकडे कॉफीचं दुकान होतं. दोघं तिथवर गेली. आपले हात कुठे ठेवावेत, हे अनिरुद्धरावांना कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले.

“रागावलात?” तिनं विचारलं.

त्यांनी उलट विचारलं, “तुला कुणाची भीती वाटत होती?”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

“मलाही त्याच माणसाची,” ते म्हणाले.

दुकानदारानं कॉफीचे दोन डबरा-टंबलर, पेला आणि त्याखालची पसरट वाटी, आणून ठेवले. अनिरुद्धरावांनी तिचा टंबलर उचलला आणि कॉफी निववायला डबऱ्यात ओतू लागले. थोडी कॉफी बाकावर सांडली. त्यांनी दोन्ही हातांनी टंबलर धरला, पुन्हा ओतली, पुन्हा वर घेतली. ती मध्ये पडली नाही. कॉफी पिण्याजोगी होईपर्यंत ती तशीच त्यांच्या हातांकडे बघत बसली.