रिसीव्हर बाजूला काढून ठेवला ती दुपार

मी बोलतोय. दचकू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेलं, आज जरा स्वतःचं बोलतो. मी नव्या पेठेतल्या मल्लिनाथअण्णांच्या घरचा टेलिफोन. बटणांचा, मूळचा पांढरा, आता पिवळट पडलेला. खाली अण्णांचं टॉवेल-चादरींचं दुकान, वर घर, आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी मी.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही, खोक्यातला अंधार तेवढा आठवतो. अण्णांच्या वडिलांनी नंबर लावून चार वर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठं मी या घरात आलो. मला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. अख्खा बोळ माझा नंबर आपलाच म्हणून पाहुण्यारावळ्यांना द्यायचा. काय थाट होता महाराजा! मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि माझ्या अंगावर विणलेलं झाकण पडलं. अण्णांच्या बायको, राजेश्वरीअक्का, झाडलोट करताना माझी धूळ पुसायच्या, तेवढाच माणसाचा हात लागायचा. काढून टाकायची गोष्ट निघाली की अण्णा म्हणायचे, "असू दे की. काय खायला मागतोय?"

आता एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं. मरणाची बातमी माझ्यातून कधी सरळ गेली नाही. घरात माणूस जाऊन दोन तास झालेले असायचे, लिंगायतांच्या रीतीनं त्याला भिंतीला टेकवून बसवून कपाळाला भस्म लावणं चाललेलं असायचं, आणि अण्णा माझ्यात सांगायचे, "जरा जास्त हाय, निघून या." दुधनीची बहीण असो की वैरागचे व्याही, पलीकडचा माणूस एक शब्द विचारायचा नाही. "निघतो" म्हणायचा, आणि फोन ठेवता ठेवता बायकोला सांगायचा की पांढरं धोतर काढून ठेव. वाटेत एसटीत एकटा माणूस कोसळू नये म्हणून ही रीत. आणि ज्याला घरातच सांगायचं, त्याला आधी पोटभर जेवू घालायचं. एकदा कळलं की मग कुठली चूल आणि कुठला घास!

पंचवीस-तीस वर्षांत असले शेकडो निरोप मी नेले. त्यात 'जास्त आहे' म्हटलेला माणूस एकदाही जिवंत निघाला नाही.

अशा घरात ऑगस्टात टेसा आली. अमेरिकेतली, ओहायोकडची, वीस वर्षांची पोरगी. इथल्या कॉलेजात सहा महिने कापड विणायचं शिकायला आलेली. अण्णांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी विचारलं आणि अण्णांनी मागची खोली तिला दिली.

पहिले आठवडे तिचे फार वाईट गेले. दिसायला हसरी, पण आतून पार बावरलेली. शेंगांच्या चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं. कडक भाकरी हातात धरून ही खायची की ठेवायची ते तिला कळेना. दर घासाला थँक्यू म्हणायची, त्याचा अक्कांना राग यायचा. "घरात कसलं गं थँक्यू? मी काय हॉटेल काढलंय?" शेजारच्या बाया तिला बघायला यायच्या आणि लग्न का नाही झालं विचारायच्या. रस्त्यानं चालली की रिक्षावाले वळून बघायचे. ती खोलीला आतून कडी लावून बसायची, आणि आमच्याकडे दिवसा कडी लावतं कोण? अण्णांना वाटायचं, पोरगी आपल्याला परकं समजते.

मोरीत गेली की तासभर नळ सोडून ठेवायची. आमच्या सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, भरलेल्या टाकीचा एकेक तांब्या जपावा लागतो. अक्का एकदा दारावर थाप मारायला गेल्या आणि तशाच परत फिरल्या. पाण्याच्या आवाजाआड पोरगी रडत होती. त्या दिवसापासून अक्का पाण्यावरून एक शब्द बोलल्या नाहीत. पण जवळ घेतलं असंही नाही. कसं घ्यायचं, तेच त्यांना उमगत नव्हतं.

रडण्याला कारण होतं. तिच्या वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर. जाऊ नको म्हणायचं सोडून त्यांनीच तिला ढकललं होतं, नाताळापर्यंत मी कुठं जात नाही म्हणाले होते. रोज संध्याकाळी ती माझ्याशेजारी जमिनीवर बसून मोबाईलवर त्यांच्याशी बोलायची. मोबाईल हा माझा वैरी, पण खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात तिचा चेहरा बघत राहावा असा व्हायचा. म्हातारा खोकत खोकत विचारायचा, आज काय खाल्लंस? आणि ही धडधडीत खोटं सांगायची की सगळं आवडतं.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी ती पिंपातून बादली भरायला वाकली आणि मागच्या खिशातला मोबाईल बुडाला पाण्यात. दुरुस्तीवाला म्हणाला, दोन दिवस लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून भावाला माझा नंबर कळवला, आणि त्याच दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी वाजलो. किती महिन्यांनी वाजलो होतो! माझा मलाच आनंद झाला, मूर्खासारखा.

अण्णा नुकतेच जेवायला वर आले होते. त्यांनी उचललं. पलीकडे टेसाचा भाऊ, ओवेन. अण्णांचं इंग्रजी दुकानदारीपुरतं का होईना, पक्कं. परदेशी गिऱ्हाइकं त्यांनी कधी हातची जाऊ दिली नाहीत. आणि ओवेन सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होता. वडिलांची प्रकृती फार बिघडली आहे. दवाखान्यात आहेत. आता शुद्धीवर आहेत आणि टेसाला विचारताहेत. तिला ताबडतोब फोन करायला सांगा, मी फोन त्यांच्या कानाला लावतो.

त्याच्या बोलण्यामागून एक जड, घोगरा आवाज येत होता. मी तो ओळखला. रोज संध्याकाळी ऐकायचो ना! म्हातारा विचारत होता, "टेस आहे का? लागला का तिला?"

अण्णांनी शब्दन् शब्द ऐकला, मागचा तो आवाजही. सगळं कळलं. फक्त खरं वाटलं नाही. त्यांचं तोंड उतरलं, आवाज खाली आला. "सांगतो बाळा, तू धीर धर," असं इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

अक्का दारात उभ्या होत्या. अण्णा म्हणाले, "संपलं. गेले तिचे वडील."

"असं म्हणाला तो?"

"असं कोण म्हणतंय का कधी? लई जास्त हाय म्हणाला."

अक्कांनी जरा विचार केला. "पण फोन करा म्हणाला न्हवं?"

"म्हणणारच की. आपण काय म्हणतो?" अण्णा खाली बसले. "पोरगी आत्ता येईल, उपाशी. सकाळी चहावर गेलीय."

अक्का कानडीत म्हणाल्या, "मदल ऊटा आगली." आधी जेवण होऊ दे.

दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं हो. दगड असते तर मी त्यांना शिव्या दिल्या असत्या. तेवढ्यात अण्णांच्या मनात आलं की पोरगी घास घेत असताना पुन्हा फोन वाजला तर? त्यांनी माझा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला. मी पूं पूं करत राहिलो, मग जीव तोडून ओरडायला लागलो. अण्णांनी दुकानातला एक जाड टॉवेल आणून माझ्यावर घातला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी खाल्ला. म्हातारा जिवंत होता, आणि हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.

दीड वाजता टेसा आली. अक्कांनी पान वाढलं. गरम भाकरी, वांग्याची भाजी, चटणीवर तेल न घालता दही घातलेलं, तिला सोसावं म्हणून. आणि अक्का पहिल्यांदा तिच्याशेजारी बसल्या. भाकरी मोडून दिली, डोक्यावरून हात फिरवला. पोरगी चकित झाली. इतके आठवडे जे मिळालं नाही ते एकदम पदरात पडलं, का ते तिला काय ठाऊक! तिनं एक भाकरी खाल्ली, दुसरी मागितली, तिसरीही संपवली. बोटं चाटली. हसली सुद्धा, मोठ्यानं. त्या घरात ती तशी हसलेली मी पहिल्यांदा ऐकली.

आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "अक्का, आज बाबांना सांगते. तीन भाकरी."

अक्का उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी पदर तोंडात कोंबलेला मला दिसत होता.

मग अण्णांनी तिला जरा पड म्हटलं. पोट भरलेलं, त्यात मायेचा हात फिरलेला. ती कडी न लावता झोपली. इकडे अण्णांनी दुकानाचं शटर ओढलं. मोबाईलवरून मास्तरांना कळवलं, हैदराबादला जायला गाडी ठरवली, विमानाच्या तिकिटाचं बघितलं. काहीसुद्धा कमी केलं नाही. आपल्या पोरीसाठी केलं असतं तेवढं केलं. शेजारच्या चार बाया येऊन भिंतीला टेकून गप्प बसल्या. आणि टॉवेलाखाली मी मुका पडून होतो. ओवेन किती वेळा फिरवत असेल, माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

साडेचारला टेसा उठून बाहेर आली. बाया बघून तिनं हात जोडले, हसली. कुणी हसलं नाही. अण्णा समोर बसले, तिचा हात हातात घेतला आणि आयुष्यभर जसं सांगत आले तसंच सांगितलं, "बाळा, घरनं फोन होता. तुझ्या वडिलांची तब्येत जरा जास्त हाय."

एवढं ऐकून आमच्याकडची बाई हंबरडा फोडते. टेसानं नाही फोडला. जेवढं सांगितलं तेवढंच तिनं ऐकलं. "जास्त? कधी फोन? मी बोलते, आत्ता बोलते," असं म्हणत ती माझ्याकडे धावली. टॉवेल ओढला. रिसीव्हर बाजूला पडलेला बघून क्षणभर थबकली, मग तिनं तो जागेवर ठेवला.

ठेवला आणि मी वाजलो.

ओवेन होता. तो रडत होता. बाबा गेले म्हणाला, वीस मिनिटं झाली. तीन तास मी फोन लावतोय, एंगेज येतोय सारखा, तू कुणाशी बोलत होतीस? ते शेवटपर्यंत विचारत होते, लागला का म्हणून.

फोन कानाला धरून टेसानं अण्णांकडे पाहिलं. "काका, फोन आला तेव्हा बाबा होते?"

अण्णांचं काळीज तिथंच फाटलं असावं. त्यांचे ओठ हलले. "मला वाटलं..." एवढंच बाहेर आलं.

तिनं ताटाच्या जागेकडे पाहिलं. मग मोरीत धावली आणि खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. अक्का पाठ चोळायला गेल्या तर तिनं त्यांचा हात बाजूला केला. हळूच केला, पण केला. तासाभरात गाडी आली. बायांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. ती कुणाकडे न बघता जिना उतरली.

त्याला आता दोन महिने झाले. ती परत आली नाही. अण्णा दुकानात बसतात, पण गिऱ्हाइकाशी दोनदा बोलायचं ते एकदाच बोलतात. टीव्ही लावत नाहीत, कारण टीव्हीशेजारी मी आहे.

मागल्या रविवारी संध्याकाळी मी वाजलो. अक्कांनी उचललं. टेसा होती. तिनं अक्कांची चौकशी केली, मराठीत, चुका करत. मग म्हणाली, काका आहेत का? अण्णा समोरच होते. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. अक्का म्हणाल्या, बाहेर गेलेत. मग टेसा म्हणाली की त्यांना एकच विचारायचं होतं. ओवेन म्हणतो, त्या दुपारी बाबा त्याच्या शेजारीच बोलत होते. काकांना बाबांचा आवाज ऐकू आला होता का? काय म्हणत होते? ओवेनला नीट आठवत नाही.

अक्कांनी रिसीव्हर हातात धरून अण्णांना ते सांगितलं. लपवायचं काही राहिलंच नव्हतं. अण्णांना ते उत्तर ठाऊक होतं, आणि ते दिलं की त्यांच्यापाशी 'मला वाटलं' एवढीसुद्धा सबब उरणार नव्हती. जिवंत माणसाचा आवाज कानानं ऐकून त्यांनी फोन ठेवला होता. नाही म्हणाले असते तर सुटले असते.

अण्णा उठले. त्यांनी रिसीव्हर घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यातून सरळ सांगितलं. "व्हय बाळा. ऐकू आला. टेस हाय का, लागला का तिला, असं विचारत होते. मी ऐकलं, आणि फोन ठेवला."

पलीकडून ती म्हणाली, "ठीक आहे." आणि फोन बंद झाला. माफ केलं की नाही ते मला ठाऊक नाही. तिच्या आवाजावरून ओळखता आलं असतं, तर तुम्हाला सांगितलं असतं. अण्णा रिसीव्हर तसाच कानाला लावून उभे राहिले, शेवटी अक्कांनी तो त्यांच्या हातातून सोडवला.

उद्या मला काढायला माणूस येणार आहे. अण्णांनीच अर्ज दिला. माझी तक्रार नाही. खोटे निरोप मी मुकाट्यानं नेले, म्हणून तर खऱ्या निरोपावर कुणाचा विश्वास बसला नाही. जाता जाता हात जोडून एवढंच मागतो. तुमच्या घरी असा फोन आला, तर ज्याचा निरोप आहे त्याला तो तिथल्या तिथं द्या, मग तो उपाशी असेना का. जेवण मागाहून वाढा.